गाडी लावायची कुठं? कोल्हापुरातल्या सार्वजनिक पार्किंगचं नियोजन, रस्ता मोजण्यापासून पावतीपर्यंत

पार्किंगची तक्रार महापालिकेत गेली की चर्चा लगेच जागेवर येते. कुठला प्लॉट मोकळा आहे, कुठं बहुमजली इमारत उभी करता येईल, निधी कुठून येईल. जागा लागतेच, ते नाकारायचं कारण नाही. पण रस्त्याच्या कडेला आज आहे ती जागा दिवसभर कोण अडवून बसतं, हे बहुतेक वेळा कुणी मोजलेलंच नसतं. मी काही वर्षं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बाजारपेठांतल्या गाड्या मोजतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पार्किंगमध्ये जागेपेक्षा वेळ आधी वाटून द्यावा लागतो. एकाच जागेत सकाळपासून रात्रीपर्यंत एक गाडी उभी राहू शकते, नाहीतर दहा गाड्या येऊन जाऊ शकतात.

हा लेख नगरसेवक, विभागीय कार्यालयातले अभियंते, व्यापारी संघटना आणि आपल्या पेठेसाठी काही करू पाहणारे नागरिक यांच्यासाठी आहे. इथली पहिली तीन कामं कुठल्याही मंजुरीशिवाय उद्या सकाळी सुरू करता येतात.

आधी एकच रस्ता घ्या

सगळ्या शहराचं धोरण एकदम मांडू नका. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, पण रस्त्यावर पैसे मोजायला झालेल्या विरोधात त्याची अंमलबजावणी अडकली. शहरभराची गोष्ट निघाली की प्रत्येक पेठेला ती आपल्याच डोक्यावर आल्यासारखी वाटते.

तीन-चारशे मीटरचा एक तुकडा निवडा. माझं मत विचाराल तर राजारामपुरीचा मुख्य रस्ता. रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना क्रमांकाच्या गल्ल्या आहेत, दुकानं आहेत आणि आत घरंही आहेत. तिथं जमलं तर लोकांना दाखवायला काहीतरी हातात येतं. महाद्वार रोडपासून सुरुवात करू नका. भाविक, फेरीवाले, गुजरीतला सराफ बाजार, लग्नाची खरेदी आणि सणाची गर्दी तिथं एकमेकांत इतकी गुंतली आहे की पार्किंगचा प्रयोग फसला की जमला, हेच समजत नाही. शिवाय फेरीवाल्यांच्या जागांचा विषय २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीपुढे न्यावा लागतो. तो पार्किंगच्या ठरावात उरकता येत नाही.

टेप घेऊन चाला

तीस मीटरची टेप, खडू आणि रस्त्याचा हाताने काढलेला लांबट नकाशा एवढं पुरतं. एका बाजूने चालत जायचं आणि जिथं गाडी लावता येणार नाही ती लांबी वजा करत जायची. त्यात गल्लीचे कोपरे, घरांची आणि संकुलांची फाटकं, केएमटीचा म्हणजे महापालिकेच्या बसचा थांबा, रिक्षा थांबा, झेब्रा पट्टे, ट्रान्सफॉर्मर, फायर हायड्रंट, दवाखान्याचं दार हे सगळं येतं. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार पदपथावर, पादचारी पट्ट्यावर आणि कुणाच्या मिळकतीचं दार अडेल अशी गाडी लावता येत नाही. म्हणजे ही वजाबाकी कायद्यानेच करायला लावलेली आहे.

रुंदीही घ्या. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधे किती वाट उरते? अग्निशमनाचा बंब जायला मी चार मीटरच्या खाली उतरत नाही. त्याहून कमी उरत असेल तर एका बाजूचं पार्किंग बंद करावं, किंवा सम-विषम तारखेला बाजू बदलावी. सम-विषम सोपं वाटतं, पण दुकानदाराला निम्मे दिवस समोर गाड्या आणि निम्मे दिवस पूर्ण मोकळीक मिळते, आणि महिन्याच्या शेवटी ३१ नंतर १ अशा लागोपाठ दोन विषम तारखा आल्या की वाद होतात. कायमची एक बाजू ठरवणं मला जास्त पटतं.

आता हिशेब. समजा दोनशे मीटरच्या एका बाजूला वजाबाकीनंतर १२० मीटर कड उरली. रस्त्याला समांतर लावलेल्या मोटारीला आत-बाहेर करण्यासह साधारण सहा मीटर लागतात, म्हणजे २० मोटारी. त्याच कडेला दुचाक्या काटकोनात लावल्या आणि प्रत्येकीला ८० सेंटीमीटर दिले तर १५० बसतात. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीच्या आवारात मोटारीसाठी अडीच बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर धरलेले आहेत. रस्त्यावर लोक दुचाक्या त्याहून चिकटवून लावतात.

म्हणजे एका मोटारीच्या जागेत सात दुचाक्या सहज मावतात. कोल्हापूर दुचाकीचं शहर आहे, म्हणून ही एक ओळ नकाशाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दर ठरवताना आणि पट्टे मारताना ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

नंबर लिहा

सगळ्या कामाचा कणा हाच. दोन माणसं, एक पॅड, एक घड्याळ. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला त्याच रस्त्याने त्याच दिशेने चालायचं आणि कडेला उभ्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे. ‘एमएच ०९’ लिहायची गरज नाही, निम्म्याहून जास्त गाड्यांना तेच असतं. पण बाहेरचं पासिंग दिसलं तर शेजारी खूण करा, म्हणजे भाविक आणि पर्यटक किती ते कळतं. मोटारीला एक रकाना, दुचाकीला दुसरा, टेम्पो आणि छोट्या हत्तीला तिसरा. दुहेरी रांगेत किंवा पदपथावर उभी असेल तर तीही खूण. कागदावर मालकाचं नाव कुठंही येत नाही, आणि काम संपल्यावर कच्चे कागद नष्ट करायचे हे आधीच ठरवून टाका.

किमान दोन दिवस मोजा: एक साधा कामाचा वार आणि एक गर्दीचा. अंबाबाई मंदिराजवळच्या रस्त्यांवर मंगळवार, शुक्रवार आणि रविवार धरलेच पाहिजेत. पावसाळ्यातला दिवस आणि परीक्षेचे दिवस टाळा, आकडे फसवतात.

मोजताना लोक अडवतात, त्याची तयारी ठेवा. एका गल्लीच्या तोंडाशी सकाळी साडेनऊला एक किराणा दुकानदार बाहेर आले.

‘‘काय ओ, नंबर कशाला लिहून घेताय? गाड्या उचलणार काय?’’

‘‘नाही मामा, मोजतोय नुसतं. कुठली गाडी किती वेळ उभी राहते ते बघतोय.’’

‘‘मग लिहा, लिहा. बाहेरनं येणारी माणसं सकाळी गाडी लावत्यात आणि रात्रीच नेत्यात. आमच्या गिऱ्हाइकाला दुचाकी लावायला जागा नाही.’’

रात्री नऊला शेवटची फेरी संपवून आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून शीट जुळवली. त्यांच्या दुकानापुढच्या कडेला नऊ दुचाक्या सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत होत्या. मामांनी चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवत खाली आले. एकावर थांबले. ती त्यांच्या पोरग्याची मोपेड होती. तिच्या खालची कामावरच्या मुलाची, आणि पुढच्या दोन शेजारच्या कापड दुकानातल्या. नऊपैकी चार गाड्या बाजारातल्याच. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘ह्या गाड्या मागल्या बोळात जातील की.’’

कुठल्याही सभेत मला जे पटवून देता आलं नसतं ते त्या शीटने पाच मिनिटांत केलं. म्हणून सांगतो, व्यापारी संघटनेची बैठक मोजणीनंतर घ्या, आधी नको. आणि मोजणीला त्यांचीच दोन मुलं बरोबर घ्या.

आकडे काय सांगतात

शीटमधून तीन गोष्टी काढायच्या. प्रत्येक फेरीला शेकडा किती जागा भरल्या होत्या. एक गाडी सरासरी किती वेळ थांबली. आणि एका जागेवर दिवसात किती गाड्या आल्या.

अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी मांडलेला ८५ टक्क्यांचा निकष जगभर वापरला जातो: कडेच्या शंभरपैकी साधारण ८५ जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे येणाऱ्याला जवळच एखादी मोकळी जागा दिसते आणि तो चौकात घिरट्या घालत नाही. आपल्या २० मोटारींच्या कडेला याचा अर्थ १७ भरलेल्या, तीन मोकळ्या. दहा तासांच्या दिवसात प्रत्येक मोटार तासभर थांबली तर या कडेने १७० मोटारींची सोय होते. त्याच २० जागा सकाळी आलेल्या गाड्यांनी धरून ठेवल्या तर वीसच. दुकानदाराला हा फरक गिऱ्हाइकांच्या भाषेत सांगा, लगेच पोचतो.

सत्तर टक्क्यांच्या खाली भरणारा रस्ता असेल तर तिथं पैसे घेऊ नका, पट्टे मारून सोडून द्या.

कुणाला कुठली कड

गल्लीच्या कोपऱ्याजवळ दुचाक्या द्या. मोटार उभी असली की कोपऱ्यावरून येणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही, दुचाकीवरून दिसतं. दवाखाना, बँक आणि मेडिकलसमोर पंधरा-वीस मिनिटांच्या जागा. दिव्यांगांची जागा दारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद हवी, म्हणजे व्हीलचेअर शेजारी उघडता येते. नुसती निळी खूण मारून अडीच मीटर दिले तर त्या जागेचा कुणालाच उपयोग नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही सोय म्हणजे उपकार राहिलेला नाही.

माल उतरवण्याची जागा सगळे विसरतात. लक्ष्मीपुरीत धान्याचा ट्रक आणि शाहूपुरीत सुट्या भागांचा टेम्पो थांबणारच. त्यांना जागा दिली नाही तर ते मधोमध थांबतात. सकाळी दहापर्यंत कडेचा एक पट्टा मालासाठी आणि त्यानंतर तोच गिऱ्हाइकांसाठी, असा वेळेनुसार वापर ठरवा आणि फलकावर दोन्ही वेळा लिहा. शाळेच्या रिक्षांनाही हेच लागू आहे. त्यांना सुटण्याच्या वेळचा अर्धा तासच लागतो.

दिवसभर गाडी ठेवणाऱ्यांना, म्हणजे दुकानातल्या कामगारांना आणि कार्यालयात जाणाऱ्यांना, तीन-चारशे मीटरवर स्वस्त मासिक पासची जागा द्या. चार मिनिटं चालणं परवडतं, रोजचा दंड परवडत नाही. ही सोय न करता कडेला वेळेची मर्यादा घातली तर गाड्या मागच्या गल्लीत घरांच्या दारात जातील, आणि तिथले रहिवासी पहिल्याच आठवड्यात तुमच्या कार्यालयात येतील. म्हणून आजूबाजूच्या दोन-दोन गल्ल्याही मोजणीत घ्या.

बेसमेंट उघडा, पण पाणी आठवून

बऱ्याच व्यापारी संकुलांच्या मंजूर नकाशात तळघरात पार्किंग असतं आणि प्रत्यक्षात तिथं गोदाम किंवा दुकान असतं. नगररचना विभागातून त्या रस्त्यावरच्या इमारतींचे मंजूर नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्रं काढा, आणि नकाशातल्या जागा व प्रत्यक्षातल्या जागा असा दोन रकान्यांचा तक्ता करा. नवी इमारत बांधण्याआधी मिळणारी सगळ्यात स्वस्त जागा हीच. नोटीस सगळ्यांना एकाच दिवशी जावी. निवडून एकाला नोटीस गेली की सगळं प्रकरण राजकारणात जातं.

नदीकडच्या सखल भागात मात्र तळघराचा भरवसा धरू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत, नागाळा पार्कात, दुधाळीत पाणी शिरलं. तिथं पावसाळ्यात गाड्या हलवायची जागा आणि निरोप देण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी.

बहुमजली इमारतीबद्दल एवढंच. मंदिर परिसरासाठी सरस्वती टॉकीजजवळ महापालिकेने तसं काम हाती घेतलं. अशी इमारत गाड्यांनी भरायची असेल तर तिच्या बाहेरच्या कडेवर फुकट गाडी लावता येता कामा नये. दारात फुकट जागा असताना वर चढून पैसे कोण देईल? कड आणि इमारत यांचे दर एकाच ठरावात मांडा, आणि आतला दर कडेपेक्षा कमी ठेवा.

कायद्याचा रस्ता

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याबद्दल, ११६ फलकांबद्दल आणि ११७ पार्किंगच्या जागा ठरवण्याबद्दल आहे. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्याने वाहतुकीची अधिसूचना जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून निघते. शुल्क आणि ठेका हे महापालिकेचे विषय, त्यासाठी स्थायी समिती आणि महासभेचे ठराव लागतात. दोन्हीकडे एकाच नकाशाने जा. महापालिकेचे पट्टे एकीकडे आणि पोलिसांची नो-पार्किंगची हद्द दुसरीकडे, असं झालं की पावती फाडलेली गाडी क्रेन उचलून नेते आणि लोकांचा विश्वास जातो. असं एका शहरात माझ्या स्वतःच्या गाडीबाबत झालं. पावती खिशात होती, गाडी जागेवर नव्हती. दोन्ही कार्यालयांनी मला एकमेकांकडे पाठवलं. म्हणून माझा आग्रह असतो की संयुक्त पाहणीच्या दिवशी वाहतूक शाखेचे अधिकारी, महापालिकेच्या पवडी (रस्ते-बांधकाम) विभागाची माणसं आणि इस्टेट (मालमत्ता) विभाग एकत्र रस्त्यावर उतरावेत, आणि खडूने रेघ मारून तिघांनी तिथंच नकाशावर सह्या कराव्यात.

हरकती मागवायला पंधरा-वीस दिवस द्या. नोटीस विभागीय कार्यालयाच्या फळ्यावर लागतेच, शिवाय चौकात आणि तालमीच्या दारातही लावा.

दर

दर ठरवण्याचं सूत्र साधं आहे: जवळची जागा महाग, लांबची स्वस्त, पहिला तास हलका, पुढचा प्रत्येक तास जड. एका मोटारीच्या जागेत सात दुचाक्या मावतात हे धरलं तर दुचाकीला पाच रुपये घेताना मोटारीला पस्तीस निघतात. कुठलीच महासभा लगेच एवढं मान्य करणार नाही, हे मला कळतं. पण दुचाकीला पाच आणि मोटारीला दहा हा प्रस्ताव आला तर त्यात दुचाकीवाला मोटारवाल्याचं भाडं भरतो आहे, हे सभागृहात कुणीतरी उभं राहून सांगायला हवं.

दुचाकीला पहिला अर्धा तास मोफत ठेवा. भाजी घ्यायला, औषध आणायला आलेल्या माणसाला खिशात हात घालायला लावू नका.

पैसे कुठं जाणार हे दराआधी सांगा. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारात पार्किंगचे मीटर बसवले आणि मिळालेले पैसे त्याच बाजारातल्या पदपथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च करायचं ठरवलं. विरोध करणारे व्यापारी त्यामुळेच राजी झाले. आपल्याकडेही रस्त्यानुसार स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे जमाखर्चाचं वेगळं खातं काढा. राजारामपुरीत जमलेले पैसे राजारामपुरीच्या पदपथावर आणि स्वच्छतागृहावर दिसले, की पुढच्या रस्त्यावर तुम्हाला बोलावणं येतं.

ठेका कसा द्यावा

इथं सगळ्यात जास्त बिघडतं. नेहमीची पद्धत ठोक रकमेची: वर्षाला अमुक रक्कम महापालिकेला भरा, बाकी वसुली तुमची. मग ठेकेदाराचा फायदा जास्त गाड्या कोंबण्यात, दुहेरी रांग लावण्यात आणि परगावच्या माणसाकडून जादा मागण्यात असतो. माणसं वाईट असतात म्हणून हे होत नाही, निविदाच तसं करायला लावते.

त्याऐवजी ठेकेदाराला सेवेचा मोबदला ठरवून द्या. वसुली हातातल्या मशिनवरून किंवा क्यूआर कोडवरून थेट महापालिकेच्या खात्यात जावी. रोखीची प्रत्येक पावती मशिनमधून निघावी, छापील पावती पुस्तक नको. निविदेत दंडाच्या अटी मोजता येतील अशा घाला: दुहेरी रांग, गणवेश आणि ओळखपत्र नसणं, दरफलक झाकणं, पावती न देणं. महिन्यातून एकदा न सांगता तीच नंबराची मोजणी करा आणि त्या दिवशीच्या पावत्यांशी ताडून पाहा. पन्नास गाड्या मोजल्या आणि पावत्या तीस, तर बोलायचं काय ते कागदच बोलतात.

दरफलक मराठी, कन्नड आणि हिंदीत लावा. अंबाबाईला येणारे कितीतरी भाविक सीमेपलीकडून येतात. त्यांना दर वाचता आला की कुणी जादा मागू शकत नाही. रखवालदारांत बचत गटांच्या महिलांना घ्या. माझ्या पाहण्यात त्यांच्या जागांवर भांडणं कमी होतात.

क्रेन ही शेवटची पायरी. आधी पट्टे, मग फलक, मग पंधरा दिवस नुसत्या सूचना, मग दंड. उचललेली गाडी कुठं नेली ते त्याच जागी रस्त्यावर खडूने लिहायचं, एवढी साधी गोष्ट पाळली तरी अर्धा राग निवतो.

नवरात्राचा वेगळा आराखडा

नेहमीच्या व्यवस्थेला ताणून नवरात्र निभत नाही. बाहेरगावच्या गाड्या गावात शिरण्याआधीच थांबल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक वाटेला तिचं मैदान द्या: महामार्गावरून तावडे हॉटेलकडून येणाऱ्यांना एक, पन्हाळा-रत्नागिरीकडून शिवाजी पुलावरून येणाऱ्यांना दुसरं, राधानगरी-गारगोटीकडच्यांना तिसरं. मैदानापासून मंदिरापर्यंत केएमटीची फेरी ठेवा. मैदानावर पाणी, स्वच्छतागृह आणि दिवे नसतील तर लोक गाडी पुढे रेटतात.

तारखांकडे लक्ष द्या. दसरा चौक मैदान पार्किंगला सोयीचं, पण विजयादशमीला तिथं शाही सीमोल्लंघनाचा सोहळा असतो, म्हणून त्याच्या आधीपासून पर्यायी जागा हवी. ललिता पंचमीला देवीची पालखी टेंबलाईला जाते, त्या दिवशी त्या वाटेवर गाडी नको. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा महाद्वार, गुजरी आणि भवानी मंडपाच्या भोवतालची कड दुपारपासूनच मोकळी करायला लागा, संध्याकाळी गाडीचा मालक सापडत नाही. गांधी मैदानात पाऊस झाला की चिखल होतो, म्हणून त्याच्यासाठी कोरड्या जागेचा दुसरा पर्याय कागदावर असावा.

परगावच्या माणसाला गाडी लावल्यावर मैदानाचं नाव आणि फेरीचा क्रमांक छापलेली चिठ्ठी द्या. दर्शनाच्या रांगेत चार तास उभं राहून आलेल्या आजींना आपली गाडी कुठल्या मैदानावर आहे ते आठवत नाही.

तीन महिन्यांनी

पट्टे मारून तीन महिने झाले की त्याच वाराला, त्याच वेळी, त्याच दिशेने पुन्हा मोजा. जागा ९५ टक्क्यांवर भरत असतील तर दर थोडा वाढवा किंवा वेळ कमी करा. ६० टक्क्यांवर आल्या असतील तर दर उतरवा आणि तसं जाहीर सांगा. थर्मोप्लास्टिकचे पट्टे कुठं पुसले, फलक कुणी वाकवला, दिव्यांगांच्या जागेत कुणाची कुंडी आली, हेही त्याच फेरीत लिहून घ्या. दोन्ही शीटा शेजारी शेजारी ठेवून व्यापारी संघटनेला बोलवा, आणि बैठक शक्यतो त्या रस्त्यावरच्याच एखाद्या दुकानाच्या ओट्यावर घ्या.